कणीच्या पेटाऱ्याची खुंटी आणि कानतुटी माकडीण : नर समोर असला की ती विसरते, की लपवते?

प्रश्न : कुळागरकर (फोंडा तालुका)

नमस्कार. प्रश्न थोडा लांबणार आहे, कारण जे पाहिले ते नीट सांगितल्याशिवाय विचारण्यात अर्थ नाही.

आमचे कुळागर डोंगराच्या उतारावर आहे. वरच्या अंगाला सुपारी आणि तिच्यावर चढवलेली मिरवेल, खाली पाटाच्या कडेने केळी. माकडांची एक टोळी इथे वर्षानुवर्षे येते-जाते. काळ्या तोंडाची, लांब शेपटीची वानरे वेगळी. ही डोक्यावर मधोमध भांग पाडल्यासारखी केसांची टोपी असलेली माकडे आहेत, ज्यांना कोणी केलडी म्हणतात. मोजायला बसले की आकडा दर वेळी बदलतो, पण वीसच्या आसपास असावीत. शहाळी पिरगाळून खाली टाकण्यावरून त्यांचे आणि आमचे जे काही आहे, त्यासाठी वेगळा धागा काढावा लागेल.

मांगराच्या (कुळागरातल्या शेतघराच्या) पडवीत कोंबड्यांसाठी तांदळाची कणी ठेवण्याचा लाकडी पेटारा आहे. त्याला कुलूप नाही. कडी कोयंड्यावर चढवायची आणि कोयंड्यात फणसाच्या लाकडाची खुंटी घालायची, एवढाच बंदोबस्त. टोळीत एक मादी आहे, जिचा डावा कान अर्धा तुटलेला आहे. घरात तिला आम्ही कानतुटी म्हणतो. केळीचा घड खाली पडला तर ती तिथे सर्वांत शेवटी पोचते, आणि अर्धवट वाढलेली पोरेसुद्धा तिला हुसकावून लावतात.

साधारण दोन महिन्यांपूर्वी भर दुपारी मी ओसरीवर पडलो होतो. कानतुटी पेटाऱ्यापाशी आली, तिने दोन्हीकडे पाहिले, मान थोडी तिरकी करून खुंटी दातांत धरली आणि उपसून खाली टाकली. मग कडी वर केली, झाकण वीतभर उचलून डोक्यावर पेलले आणि दोन्ही हातांनी कणी तोंडात कोंबू लागली. गालाच्या पिशव्या लिंबाएवढ्या फुगल्यावर झाकण सोडून देऊन निघून गेली. मनात तीस आकडे मोजून होईपर्यंत सगळा कारभार आटोपला होता. त्यानंतर मी हे तीनदा पाहिले आणि आमच्या सौभाग्यवतींनी चारदा.

खरे नवल पुढेच आहे. टोळीतला दांडगा नर मांगराच्या कौलांवर बसलेला असला की ही बाई पेटाऱ्याला टेकून बसते, पायाची पोटरी खाजवते, खाली पडलेले पान उलटेपालटे करून पाहते, पण खुंटीला हात लावत नाही. एकदा तर तिचा हात खुंटीपर्यंत गेला आणि मध्येच वळून स्वतःचाच कोपर विंचरू लागला. नर खाली उतरला, त्याने पेटारा गदागदा हलवला, झाकणाचा कोपरा चावला, दोन थपडा मारल्या आणि गेला. कोपऱ्यावर त्याच्या सुळ्यांचे व्रण अजून आहेत, परंतु खुंटीकडे त्याने ढुंकूनही पाहिलेले नाही.

म्हणून विचारतो. नर समोर असताना भीतीपोटी ती विद्या विसरते, की मुद्दाम लपवते? जो सर्वांवर हुकमत गाजवतो त्याला इतके साधे काम का जमत नाही. तिला करताना पाहून तो शिकत कसा नाही? आणि ही पायरी ताकदीवर ठरते म्हणावे, तर ज्या पोरांना ती एका फटक्यात लोळवू शकेल त्यांच्यासमोरून ती उठून का जाते?


उत्तर १ : प्राणिशास्त्राची शिक्षिका (मडगाव)

कुळागरकर, आपले निरीक्षण वाचून मला १९९९ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग आठवला, जो मी वर्गात दर वर्षी सांगते. क्रिस्टीन ड्रे आणि किम वॉलन या संशोधकांनी ५५ ऱ्हीसस माकडांच्या एका वसाहतीला अशी सवय लावली, की इशारा केल्यावर वरच्या पायरीची घराणी एका बाजूला आणि खालच्या पायरीची घराणी दुसऱ्या बाजूला व्हावीत. मग रंगांवरून खाऊ ओळखण्याची दोन कोडी त्यांना घातली. एक कोडे सगळी टोळी एकत्र असताना आणि दुसरे दोन्ही गट वेगळे असताना. वरच्या घराण्यांनी दोन्ही वेळा चांगली कामगिरी केली. खालच्या घराण्यांनी वेगळे असताना तितकीच चांगली केली, पण एकत्र असताना त्यांचा पार बोजवारा उडाला. त्यानंतर परिस्थिती उलटवण्यात आली, म्हणजे जे कोडे एकांतात सुटले होते तेच सर्वांसमोर घातले आणि सर्वांसमोर फसलेले एकांतात दिले. एकांतात सुटलेले कोडे थोरल्यांसमोर येताच पुन्हा बिघडले, आणि थोरल्यांसमोर बिघडलेले एकांतात सुटले. शिकण्याची कुवत सारखीच होती, ती दाखवण्याची मुभा मात्र सारखी नव्हती. ‘वेड घेऊन पेडगावला जाणे’ ही म्हण आपल्याकडे आहेच; त्या संशोधकांनीही शीर्षकात जवळपास हेच म्हटले आहे.

लपवण्याबद्दल विचाराल तर त्याहून जुने आणि अधिक नाट्यमय उदाहरण एमिल मेंझेल यांच्या १९७० च्या दशकातील चिंपांझींचे आहे. खाऊ कुठे पुरला आहे हे बेल नावाच्या मादीला एकटीलाच दाखवले जाई आणि मग तिला गटात सोडले जाई. गटातला दांडगा नर रॉक तिला मारून, चावून खाऊ हिसकावू लागला, तेव्हा बेलने तो उकरणेच सोडून दिले आणि ती त्यावर बसून राहू लागली. रॉक तिला ढकलून खाली शोधू लागला, तशी ती दूर बसू लागली आणि त्याने पाठ फिरवल्यावरच खाऊकडे धावू लागली. यावर रॉकनेही निघून गेल्यासारखे करायचे आणि ऐन वेळी गर्रकन वळायचे, असा उपाय शोधला. आपल्या पडवीतले कोपर विंचरणे याच जातीचे असेल काय, असे मला वाचताना वाटले. तरीही ते ठामपणे म्हणण्याआधी थांबावे, कारण कात्रीत सापडलेले प्राणी अनेकदा अंग खाजवतात किंवा विंचरतात; ते सोंग नसून मनातल्या ओढाताणीचे लक्षण असू शकते.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर माझ्या मते सर्वांत मनोरंजक आहे. जपानच्या कोशिमा बेटावर १९५३ साली इमो नावाच्या दीड वर्षाच्या मादीने रताळी पाण्यात धुऊन खायला सुरुवात केली. ही रीत आधी तिच्या सवंगड्यांत आणि तिच्या आईकडे गेली, मग आयांकडून पोरांत उतरली. मोठे नर मात्र बहुतेक कोरडेच राहिले, कारण ते ज्यांच्याजवळ बसत-उठत होते त्यांत रताळे धुणारे कोणी नव्हते. अनुकरणासाठी आधी कोणाकडे तरी लक्ष द्यावे लागते, आणि वरच्या पायरीवर बसलेल्याला खालच्याकडे पाहण्याचे कारण फारसे पडत नाही. कोणी काही मिळवले तर हिसकावून घेणे त्याला शिकण्यापेक्षा स्वस्त पडते. आपला नर खुंटी पाहत नाही, तो कानतुटीचे गाल पाहत असणार.

मात्र लक्ष नेहमी सर्वांत दांडग्याकडेच जाते असेही नाही. दक्षिण आफ्रिकेतील रानटी व्हर्व्हेट माकडांपुढे एरिका व्हान दे वाल आणि सहकाऱ्यांनी दोन दारांची पेटी ठेवली होती. काही टोळ्यांत ती उघडून दाखवणारा प्रमुख नर होता, तर काहींत प्रमुख मादी. मादीने जे दार उघडले तेच पाहणाऱ्यांनी निवडले; नराचा कित्ता कोणी गिरवला नाही. हे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. या माकडांत नर टोळी बदलतात आणि माद्या जन्मभर त्याच टोळीत राहतात, त्यामुळे परिसराची खरी जाणकार मादीच असते. आपल्या माकडांतही तीच रीत आहे. कौलांवरचे ते राजेसाहेब बहुधा दुसऱ्या टोळीतून आलेले पाहुणे असावेत.

तिसऱ्या प्रश्नाबद्दल थोडक्यात सांगते. मकाक गटातील, म्हणजे ऱ्हीसस, जपानी माकडे आणि आपली केलडी ज्यात मोडतात त्या माकडांतील, माद्यांची पायरी बव्हंशी आईकडून येते. थोरल्या घरातल्या पोराला कानतुटीने फटका मारला तर त्याची आई, मावशी आणि आजी धावून येतील, हे तिला ठाऊक असते. जपानी माकडांत तर धाकटी मुलगी मोठी झाल्यावर थोरल्या बहिणींच्या वर जाऊन बसते, कारण आईचा पाठिंबा धाकटीला असतो. हे कावामुरा यांनी १९५८ मध्ये नोंदवले. तेव्हा ती त्या पोराला भिऊन उठत नाही, त्याच्या पाठीशी असलेल्या घराण्याला ओळखून उठते.

खास आपल्या बॉनेट माकडांबद्दलही, म्हणजे केलड्यांबद्दलही, एक सांगायला हवे. बेंगळुरूचे अनिंद्य सिन्हा यांनी १९९८ मध्ये असे प्रसंग अभ्यासले, ज्यांत दोन माद्या एकमेकींना विंचरत बसल्या आहेत आणि दोघींहून वरची तिसरी मादी जवळ येते. बहुतेक वेळा त्या दोघींतली जी खालची असेल तीच उठून जाते. म्हणजे ‘येणारी माझ्याहून वरची आहे’ एवढे कळून भागत नाही. ‘माझ्या शेजारची माझ्याहून वरची आहे आणि येणारीच्या दृष्टीने उठायचे ते मी’ इतका हिशेब तिथे होतो. आपल्याला टोळीतील विंचरण्याचे प्रसंग दिसत असतील तर जरूर पाहावे.

एक विनंती. कणी आयती मिळते म्हणून टोळी मांगराशी सलगी करू लागली, की पुढे चावण्यापर्यंत वेळ येते. निरीक्षण लांबून करावे आणि पेटाऱ्याचा बंदोबस्तही पाहावा.


उत्तर २ : म्हापसेकर श्वानमित्र

माकडांबद्दल मला अधिकार नाही, परंतु ‘दांडगा नर म्हणजे राजा’ ही कल्पना कुत्र्यांच्या बाबतीत मला फार महाग पडली, म्हणून लिहितो.

तीन वर्षांपूर्वी रस्त्यावरचे एक पिल्लू घरी आणले. ते वर्षाचे झाल्यावर एका प्रशिक्षकाकडे नेले. कुत्र्याला घरात ‘अल्फा’ कोण हे कळले पाहिजे, असे त्यांचे म्हणणे होते, आणि त्यासाठी ते त्याला उताणे पाडून गळ्याशी धरत. परिणाम असा झाला की, घरी ‘बस’ म्हटल्यावर तत्काळ बसणारे ते जनावर त्या गृहस्थांसमोर बसायचेच विसरले. कान पाडून ते नुसते जीभ चाटत उभे राही. प्रशिक्षकांनी निदान केले की कुत्रा मठ्ठ आहे. आम्ही फाटकाबाहेर पडलो आणि मी सवयीने ‘बस’ म्हणालो, तर ते धुळीत व्यवस्थित बसले. वरचा ५५ माकडांचा प्रयोग वाचून आज त्याचा उलगडा झाला.

ही अल्फाची कल्पना मुळात लांडग्यांवरून आली. रुडॉल्फ शेंकेल यांनी १९४७ मध्ये बासेलच्या प्राणिसंग्रहालयातील लांडग्यांवर लिहिले, आणि पुढे डेव्हिड मेक यांच्या १९७० च्या पुस्तकाने ती सर्वदूर पोचवली. परंतु बंदिस्त जागेत आणून ठेवलेले लांडगे आणि मोकळे लांडगे यांत मोठे अंतर आहे. मेक यांनीच १९८६ पासून कॅनडाच्या एल्समिर बेटावर उन्हाळ्यामागून उन्हाळे काढून रानातले कळप पाहिले आणि १९९९ मध्ये स्पष्ट लिहिले, की तो कळप म्हणजे बहुधा एक जोडपे आणि त्यांची गेल्या एक-दोन वर्षांतली पोरे. बाप पोरांना दटावतो म्हणून त्याला सिंहासन जिंकलेला सरदार म्हणण्यात काही हशील नाही. स्वतःच रूढ केलेला शब्द मागे घेण्याचा असा मोठेपणा क्वचितच दिसतो. अमेरिकेतील पशुवर्तनतज्ज्ञ पशुवैद्यकांच्या संघटनेनेही २००८ मध्ये वर्चस्वाच्या नावाखाली कुत्र्यांवर जबरदस्ती करण्याविरुद्ध भूमिका घेतली.

आमचे कुत्रे आता ठीक आहे. पांढरी चारचाकी दिसली की मात्र अजून पलंगाखाली जाते. त्या गृहस्थांची गाडी पांढरी होती.


उत्तर ३ : सत्तरीची सून

शिक्षिकाताई, आपल्या विनंतीत मी एक भर घालते. आमच्या सत्तरी तालुक्यात २०१५ पासून माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत. तो गोचिडींतून पसरतो आणि माकडे त्याने मरतात, त्यामुळे मेलेले माकड दिसले तर कोणीही जवळ जाऊ नये, आरोग्य केंद्राला कळवावे. कुळागरकर, आपला तालुका वेगळा असला तरी टोळी पडवीपर्यंत येते, म्हणून सांगितले.

आता कोंबड्यांबद्दल. पेटारा त्यांचाच आहे आणि त्यांच्याविषयी कोणी बोलले नाही, हे मला बरोबर वाटले नाही. वर्चस्वाच्या या साऱ्या अभ्यासाचा उगमच मुळी कोंबड्यांच्या खुराड्यात आहे. नॉर्वेचे थोरलाइफ शेल्डरूप-एबे यांनी लहानपणापासून कोंबड्या पाळल्या, कोण कोणाला टोचते याच्या वह्या भरल्या, आणि १९२० च्या दशकाच्या आरंभी टोचण्याचा क्रम म्हणून जे मांडले तेच पुढे सर्व प्राण्यांना लावले गेले. त्यांनी हेही नोंदवले होते की क्रम नेहमी सरळ उतरंडीसारखा नसतो. माझ्याकडेच नऊ गावठी कोंबड्या आहेत. त्यांत काळी तांबडीला टोचते, तांबडी तुरेवालीला टोचते, आणि तुरेवाली काळीला. पहिल्यांदा मला माझ्याच डोळ्यांचा दोष वाटला होता.

कोंबडीला अक्कल नसते असे आमच्या सासूबाई म्हणत, पण मी एक प्रसंग पाहिला आहे. आठवड्याच्या बाजारातून एक नवी कोंबडी आणली. तिने उतरल्या-उतरल्या आमच्या काळीला, म्हणजे सर्वांत वरच्यांपैकी एकीला, अंगणातच लोळवले. तांबडी आणि इतर दोघी शेणकुटांच्या ढिगाजवळून पाहत होत्या. त्या तिघी एरवी नव्या पाखराला टोचून हैराण करतात, पण त्या दिवशी तिच्या वाटेला गेल्या नाहीत. हा योगायोग असेल असे मी समजत होते. पुढे वाचनात आले की, १९९६ मध्ये कॅनडातील संशोधकांनी नेमकी हीच मांडणी करून पाहिली होती. आपल्यापेक्षा वरची कोंबडी परक्या कोंबडीकडून हरताना जिने पाहिले, तिने त्या परकीवर चढाई करण्याचे पुष्कळ वेळा टाळले. वरची कोंबडी जिंकताना पाहिले असेल तर परकीशी भिडण्याची हिंमत केली. ‘ती माझ्याहून वरची, ही तिच्याहून वरची, म्हणजे ही माझ्याहून वरचीच’ हे अनुमान न भांडता काढता आले, तर जखमा वाचतात. माशांनाही ते जमते, असे २००७ मध्ये ग्रोझनिक, क्लेमेंट आणि फर्नाल्ड यांनी दाखवले. नर माशाने काचेपलीकडून इतरांच्या झुंजी पाहिल्या आणि कोण दुबळा ते ओळखले.

खालच्याकडे कोणी पाहत नाही, हेही कोंबड्यांत आढळते. निकोल आणि पोप यांच्या १९९९ मधील प्रयोगात वरच्या पायरीची कोंबडी कळ टोचून दाणे मिळवताना पाहिल्यावर इतर कोंबड्या ते अधिक शिकल्या.


उत्तर ४ : शंकेखोर (पणजी)

वरील सर्व माहिती उत्तम आहे आणि तीबद्दल माझा वाद नाही. वाद आहे तो ‘लपवते’ या क्रियापदाशी.

लॉइड मॉर्गन यांनी १८९४ मध्ये घालून दिलेला दंडक असा आहे, की प्राण्याचे वर्तन साध्या मानसिक प्रक्रियेने उलगडत असेल तर वरच्या दर्जाची प्रक्रिया त्याच्या माथी मारू नये. कानतुटीच्या बाबतीत साधे स्पष्टीकरण हाताशी आहे. कधीतरी तिने नरासमोर खुंटी काढली असेल, कणी त्याने खाल्ली असेल आणि तिला चावा मिळाला असेल. त्यानंतर ‘नर दिसला की पेटाऱ्यातून मार निघतो’ एवढी गाठ मनात बसली, की आपण पाहिलेले सगळे त्यात बसते. नराला काय दिसते, काय कळते, याचा विचार तिने करायला हवा असे नाही. विस्तवापासून हात आखडणाऱ्या मुलाला आपण ‘विस्तवापासून हात लपवतो’ असे म्हणत नाही.

ही दोन स्पष्टीकरणे वेगळी करता येतात. ब्रायन हेअर आणि सहकाऱ्यांनी २००० मध्ये चिंपांझींवर ते केले. समोरासमोरच्या दोन खोल्यांत एक वरचा आणि एक खालचा प्राणी, आणि मध्ये खाऊचे दोन तुकडे. एक दोघांना दिसणारा, दुसरा आडोशामागे, फक्त खालच्याला दिसणारा. खालच्याने आडोशामागचा तुकडा अधिक वेळा गाठला. वरचा दोन्ही वेळा तितकाच जवळ होता, तेव्हा फरक त्याच्या असण्याने पडला नाही, त्याच्या नजरेने पडला. आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण हवे असेल तर मिलिंद वाटवे आणि त्यांच्या विद्यार्थिनींनी वेड्या राघूंवर केलेले काम पाहावे, जे १९९९ मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आले. माणूस जिथून बिळाचे तोंड पाहू शकतो तिथे उभा राहिला तर पक्षी बिळात शिरायला कचरत होते. तितक्याच अंतरावर, पण बीळ दिसणार नाही अशा जागी उभा राहिला तर निर्धास्तपणे जात होते. नाव वेडा राघू आणि हिशेब दुसऱ्याच्या डोळ्यांचा.

तेव्हा कुळागरकरांना माझा प्रश्न आहे. आपल्या मांगराला बहुधा चिऱ्याची भिंत असेल. नर त्या भिंतीमागे, अगदी दोन हातांवर आहे, पण त्याला पेटारा दिसत नाही, असे आपण कधी पाहिले आहे काय? तेव्हा कानतुटी काय करते? तिने खुंटी काढली तर माझे साधे स्पष्टीकरण लंगडे पडेल. नाही काढली तर तिला नजरेचा हिशेब येत नाही असे सिद्ध होणार नाही, पण ‘लपवते’ म्हणायला आधार उरणार नाही.

आणखी एका शब्दाबद्दल. हुकमत ही एखाद्याच्या अंगात भरलेली वस्तू असल्यासारखे आपण बोलतो. इव्हान चेस आणि सहकाऱ्यांनी २००२ मध्ये माशांचे लहान गट जमवले, उतरंड ठरू दिली, सर्वांना दोन आठवडे वेगळे ठेवले आणि तेच मासे पुन्हा एकत्र सोडले. उतरंड पुन्हा लागली, पण बहुतेक गटांत क्रम बदलला होता. हुकमतीचा अर्थही प्राण्यागणिक बदलतो. बेंगळुरूच्या राघवेंद्र गदगकर यांनी आयुष्यभर अभ्यासलेल्या रोपॅलिडिया मार्जिनाटा या गांधीलमाशीची राणी पोळ्यातली सर्वांत शांत माशी असते, ती कोणावर धावून जात नाही. तिला काढून घेतले की काही मिनिटांतच एक कामकरी माशी कमालीची आक्रमक होते आणि तीच पुढची राणी ठरते. आसनावर स्थिर झाली की तीही थंडावते. कौलांवरच्या नराला प्रमुख म्हणताना आपण त्याचा आरडाओरडा मोजतो की टोळी कोणामागे चालते ते मोजतो, हे एकदा ठरवावे लागेल.


प्रश्नकर्त्याचे प्रत्युत्तर : कुळागरकर

सर्वांचे मनापासून आभार. शिक्षिकाताईंची सूचना मान्य करून कणी आता स्वयंपाकघरातल्या डब्यात हलवली आहे. पेटाऱ्यात तळाशी चिकटलेली मूठभर कणी तेवढी उरली होती, त्यामुळे पुढचे नऊ दिवस जे दिसले ते त्या मुठीच्या जोरावर.

शंकेखोर यांचा अंदाज बरोबर आहे. पडवीच्या दक्षिणेला चिऱ्याची छातीभर उंच भिंत आहे आणि तिच्यामागे पाटाचे पाणी साठते. नर तिथे दुपारी पाणी पिऊन पडून राहतो. नऊ दिवसांत तो भिंतीमागे असताना कानतुटी पडवीत आल्याचे मला चारदा सापडले. दोनदा तिने खुंटी काढली, तीही एरवीपेक्षा सावकाश, आणि झाकण आपटू न देता हाताने खाली ठेवले, जे मी याआधी पाहिले नव्हते. एकदा ती नुसती बसून गेली. नर तिथे आहे हे तिला दर वेळी ठाऊक होते किंवा कसे, हे मी सांगू शकत नाही. पण दोनपैकी एका खेपेस तो तिच्या डोळ्यांदेखत भिंतीमागे गेला होता, हे मी खात्रीने सांगतो. एवढ्यावर शंकेखोर मानणार नाहीत आणि त्यांनी मानूही नये.

विंचरण्याचा प्रसंगही एक मिळाला. कानतुटी एका तरुण मादीला विंचरत होती, तोच एक जाड म्हातारी मादी सुपारीवरून उतरून आली. उठली ती कानतुटीच. तरुण मादी जागची हलली नाही, म्हातारीने कानतुटीची जागा घेतली आणि विंचरणे पुढे चालू झाले.

चौथी खेप राहिली. त्या दिवशी नर भिंतीमागे होता, कानतुटीने खुंटी दातांत धरून उपसली होती, आणि इतक्यात तीच म्हातारी पडवीच्या पायरीवर आली. कानतुटीने कडीला हातही लावला नाही. खुंटी तशीच तोंडात धरून ती बाजूच्या सुपारीवर चढली आणि तिथून दुसऱ्या सुपारीवर गेली. म्हातारीने पेटाऱ्याभोवती एक फेरी मारली. कडी कोयंड्यावर नुसती पडलेली होती, बोटाने उचलली असती तरी झाकण उघडले असते; तिने झाकण हुंगले, वर चढून बसली आणि बराच वेळ तिथेच बसून राहिली. खुंटी आम्हाला अजून सापडलेली नाही. फणसाचा तुकडा घेऊन दुसरी तासायला बसलो आहे.